नादमहाराजांची पेटी

"आयकू आलं! आयकू आलं वं मंजू!"

पुनाराम ओरडले आणि आमगावच्या त्या बंद पडलेल्या राइस मिलच्या शेडमध्ये बसलेली दोन-अडीचशे माणसं एकदम उभी राहिली. मागच्यांनी पुढच्यांना रेटलं. कोणी नारळ वर धरला, कोणी मोबाइल. "नाद भगवान की जय!" अशी आरोळी उठली आणि पत्र्यावर बसलेली कबुतरं फडफडत उडाली.

मंचावर नादमहाराज डोळे मिटून बसले होते. त्यांच्यासमोर लाल मखमलीने झाकलेली पेटी, पेटीतून निघालेली वायर आणि वायरीच्या टोकाला पुनारामांच्या कानांवर चढवलेला हेडफोन. महाराज त्याला हेडफोन म्हणत नसत, 'कर्णकुंडल' म्हणत. त्याला कवड्या आणि रुद्राक्ष चिकटवलेले होते.

पुनारामांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. अठ्ठावीस वर्षं ते धान भरडायच्या यंत्राशेजारी उभे राहिले होते. त्या खडखडाटाने त्यांचे कान हळूहळू खाल्ले. आता ते लेकीला फोन करायचे तेव्हा आपलं बोलणं ओरडून सांगायचे आणि उत्तर ऐकू येत नाही म्हणून फोन ठेवून द्यायचे. आज त्यांना मंत्र ऐकू आला होता. तिसऱ्या रांगेत बसलेल्या त्यांच्या लेकीचे, मंजूचेही डोळे भरून आले.

"बहिरेपन बीमारी नहीं है, माऊली!" महाराज माइकमध्ये म्हणाले. "मागच्या जन्मी जे वाईट शब्द ऐकले, ते कानात दगड होऊन बसलेत. नाद त्यांना फोडतो. विज्ञान क्या बोलता है? कंपन! सब कंपन है!"

विज्ञानाचं नाव घेतल्याशिवाय हल्ली कोणत्याच महाराजाचं भागत नाही.

मग शामकलाबाई पुढे गेल्या. त्या पुनारामांच्या शेजारीण. कडेवर साडेतीन वर्षांची नात, चमेली. आईबाप नागपूरला बांधकामावर आणि पोरगी आजीजवळ. चमेली अजून एक शब्द बोलली नव्हती. हाक मारली तर वळत नव्हती.

महाराजांनी तिच्या डोक्यावर कर्णकुंडल ठेवलं. वीरेंद्र नावाचा त्यांचा चेला पेटीच्या बाजूला बसलेला, उजवा हात मखमलीखाली. महाराजांनी मंत्र पुटपुटला. पोरगी इकडेतिकडे पाहत राहिली. महाराजांनी मंत्र चढवला, "नाद जाग!" म्हणून मांडीवर थाप मारली, आणि चमेली दचकली. डोळे मोठे झाले. दोन्ही हातांनी तिने ते कुंडल घट्ट धरलं आणि खुदकन हसली.

शामकलाबाई मंचावरच महाराजांच्या पायाशी आडव्या झाल्या.

"चाळीस दिवस," महाराज म्हणाले. "चाळीस दिवस दवाखान्याची पायरी चढायची नाही. डॉक्टरचं मशीन लागलं की नाद तुटला!"

शेड पुन्हा दुमदुमली. मंजूने टाळी वाजवायला हात उचलले आणि ते तसेच राहिले. महाराजांनी थाप मारली तेव्हा कर्णकुंडलात वाजलेला नगारा तिला ऐकू आला होता. दहा-बारा फुटांवर बसून, धड मोकळ्या कानांनी.

*

घरी आल्यावर तिने बाबूजींच्या मागे उभं राहून विचारलं, "चहा ठेवू का?"

पुनाराम भिंतीकडे पाहत राहिले.

"बाबूजी!"

काही नाही. ती समोर आली तेव्हा ते हसून म्हणाले, "एका दिवसात होते का वं? चाळीस दिस लागतेत. पन कानात शिट्टी वाजून राहिली सकाळपासून. महाराज म्हनते, तो नादच आहे."

गोंदियाजवळ फुलचूरला सासरी परत गेल्यावर मंजूचं कशात लक्ष लागेना. तिचं काम घरबसल्याचं: सभा, मुलाखती, भाषणं यांचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि टाइप करून द्यायचं. हेडफोन स्वस्तातला, लॅपटॉपचा आवाज मेलेला. दबक्या आवाजात बोलणाऱ्यांचे शब्द कळायचे नाहीत. म्हणून मागच्या दिवाळीत तिने तळहाताएवढी एक डबी घेतली होती. लॅपटॉपची वायर एका बाजूने आत, हेडफोनची दुसऱ्या बाजूने बाहेर, मधे आवाज कमीजास्त करायचं बटण. पहिल्याच दिवशी ती नवऱ्याला म्हणाली होती, "अहो, कानातला मळ निघाल्यासारखं झालं! प्रत्येक आवाज वेगळा, स्वच्छ!"

हिमांशुचं मोटार वाइंडिंगचं दुकान. तो कोणाच्याही शब्दावर मोटार चालू आहे असं मानत नाही, स्वतः फिरवून बघतो. त्याने तिला डोळे मिटायला लावले, डबीसकट आणि डबीशिवाय दोन्ही आवाज सारखे केले आणि वायर बदलत विचारत राहिला, "आता कोणतं?" दहापैकी पाच वेळा ती चुकली. डबीने आवाज पुरेसा मोठा करता येत होता हे खरं, आणि कामाला तेवढं पुरेही होतं. बाकी सगळी स्वच्छता तिच्या मनाची होती. "आवाज वाढला की माणसाला तो चांगलाच वाटतो," हिमांशु म्हणाला होता.

म्हणजे बाबूजींचं कोडं सुटलं. महाराजांच्या पेटीत अशीच डबी, जरा दांडगी. आधी आवाज बारीक, 'कृपा झाली' की मोठा. पण चमेलीचं काय? ती तर खरोखर दचकली होती. मंजूनेच पाहिलं होतं.

सोमवारी तिने आमगावला फोन लावला. शामकलाबाई फोनवरच फणकारल्या.

"कायले जाऊ दवाखान्यात? मी माह्या डोऱ्यानं पायलं. पोरगी हासली!"

"काकू, कान तपासायची मागची तारीखही ह्या महाराजाची वाट पाहण्यात गेली. गावच्या आरोग्यसेविका आशाताईनं किती खटपटीनं नवी घेतली. येत्या सोमवारची आहे. ती नका चुकवू."

"तू काऊन पाण्यात पायतं आमच्या नशिबाले? तुहा बाप बरा झाला ते चालते, माही नात नाई?"

फोन बंद झाला. मंगळवारी मंजूने एक काम अर्धवट पाठवलं. लोक काय म्हणतील ते म्हणोत, पण आपणच चुकलो असू तर? एखाद्या पोरीला खरंच ऐकू येऊ लागलं असेल आणि आपणच आडवे आलो तर? जेवताना उठली, उठून परत बसली. हिमांशुने दोनदा विचारलं, "काय झालं?" ती त्याला आणखी भात वाढत राहिली.

बुधवारी एका मिरवणुकीचं रेकॉर्डिंग आलं. सुरुवातीलाच ढोल. गॅसवर दूध ठेवलेलं होतं म्हणून तिने हेडफोन कानांवरून काढून मांडीवर टाकला आणि उठायला गेली. मांडीला गुदगुल्या झाल्या.

ती थांबली. डबीचं बटण वाढवलं. हेडफोन मांडीवर थरथरू लागला. तळहातावर धरला, तिथेही. कोपरावर, गुडघ्यावर, सगळीकडे. कानात कापूस घालून बघितला, थरथर तशीच.

दूध उतू जात होतं आणि मंजू गुडघ्यावर हेडफोन धरून बसली होती.

*

शनिवारीच ती आमगावला गेली. बाबूजींशी बोलायचं तर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर लिहावं लागे. तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'चेला मखमलीखाली हात घालून आवाज वाढवतो. मंत्राने काही होत नाही.'

पुनारामांनी वाचलं आणि कागद चुरगाळला. "शिकली तं बापाले शिकवाले आली! उद्या सगळ्याईसमोर दाखवतो तुले!"

आणि त्यांनी शब्द पाळला. रविवारी त्यांच्या डोक्यावर कर्णकुंडल चढताच ते उठले आणि बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "महाराज! माही पोरगी म्हनते, चेल्याचा हात फिरते म्हनून आयकू येते. त्याले हात जोडून बसाले लावा आन् मंत्र म्हना. हिचा संशय फेडा!"

शेडमध्ये हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "हो हो, होऊन जाऊ द्या!" भक्तानेच मागितलेली परीक्षा नाकारायची कशी? महाराजांनी स्मित केलं, पण ते ओठांवरच राहिलं. वीरेंद्रने मखमलीखालून हात काढला आणि छातीशी जोडला.

महाराजांनी मंत्र म्हटला. मोठ्याने म्हटला. मांडीवर थाप मारली. मानेच्या शिरा फुगेपर्यंत "नाद जाग!" म्हटलं.

पुनाराम वाट पाहत उभे होते. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

"बंद हाये," ते म्हणाले. "काईच नाई येऊन राहिलं."

"संशय!" महाराज कडाडले. "संशयाने नाद पळतो! नास्तिक बेटी समोर बसली आहे!"

"मग माझ्याजवळच्या नादाने ऐकू येतं का बघू," मंजू उठली. तिने पिशवीतून आपला हेडफोन, ती डबी आणि फोन काढला आणि जोडला. बाबूजींच्या कानांवर हेडफोन ठेवला, फोनवर एक रेकॉर्डिंग लावलं आणि बटण सगळ्यांना दिसेल असं वर धरून थोडं फिरवलं.

"आयकू येते!" पुनाराम म्हणाले. "कोनीतरी धानाचा भाव सांगून राहिला!"

आता हशा महाराजांच्या बाजूचा नव्हता.

"ह्यात मंत्र नाही," मंजू म्हणाली. "ही बाजारात मिळणारी डबी आहे, गाणी ऐकणारे लोक घेतात. आवाज मोठा करते, बस. महाराजांच्या पेटीत हिच्यापेक्षा मोठी असेल. उघडून दाखवा म्हणावं."

वीरेंद्रने पेटी जवळ ओढली. ते सगळ्यांनी पाहिलं.

"आन् माही नात?" शामकलाबाई पुढून ओरडल्या. चमेली त्यांच्या मांडीवर होती. "ते तं हासली! ते कोन्या डबीनं?"

मंजू त्यांच्यासमोर खाली बसली. हे तिला सगळ्यांत जड जाणार होतं. तिने ढोलाचं रेकॉर्डिंग लावलं, बटण चढवलं आणि हेडफोन चमेलीच्या कानांवर न ठेवता तिच्या उघड्या गुडघ्यावर टेकवला.

चमेली दचकली. डोळे मोठे झाले. दोन्ही हातांनी तिने हेडफोन गुडघ्यावर दाबून धरला आणि खुदकन हसली. अगदी तशीच.

"काकू, हात द्या," मंजूने शामकलाबाईंचा तळहात पुढे घेतला आणि हेडफोन त्यावर ठेवला. "थरथरते ना? तिला तेवढंच कळलं. कुंडल डोक्यावर थरथरलं म्हणून ती हासली. कानानं ऐकलं असतं तर तुमच्या हाकेला वळली असती."

शामकलाबाईंनी तळहात मिटला. मग त्यांनी नातीला मांडीवरून उतरवलं, तिच्या पाठीमागे गेल्या आणि हाक मारली. "चमेली." मग मोठ्याने. "चमेली वं! माय माही! इकडं पाय ना!"

चमेली जमिनीवरचा धानाचा कोंडा बोटाने गोळा करत होती.

महाराज बोलत होते, सब्र, श्रद्धा, चालीस दिन. माइकही चालू होता. पण लोक आजीकडे पाहत होते.

सगळे काही एका दुपारी शहाणे झाले नाहीत. "महाराजाची शक्ती पोरीनं बांधली," असं म्हणणारेही त्या शेडमधून बाहेर पडले. पण बाहेर पडताना काही जणांनी पेटी उघडायचा आग्रह धरला, आत डबी निघाली, काहींनी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली, आणि पुढच्या रविवारी मंच रिकामा होता.

*

त्या परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात चमेलीला झोपवणं हेच मोठं काम होऊन बसलं. आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो की नाही हे तारा लावून बघतात, आणि त्यासाठी मूल झोपलेलं लागतं. चमेलीला झोप नव्हती. ती बाकावर चढत होती, उतरत होती. शामकलाबाई तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होत्या, मंजू घड्याळ बघत होती. दुपारी कुठे तिचा डोळा लागला.

दोन्ही कानांत ऐकणं फारच कमी, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "पण वय हातात आहे. कानाचं मशीन लावू, बोलायला शिकवणाऱ्या ताईंकडे दर आठवड्याला यायचं. तेवढ्याने भागलं नाही तर ऑपरेशनचा विचार करू. वेळ लागेल. मात्र आणखी वर्षभर घरी बसला असता तर जे शिकायचं ते हुकलं असतं."

पुनारामांचेही कान तपासले. गिरणीने बारीक, टोकदार आवाज ऐकण्याची ताकद नेली होती. नुसता आवाज मोठा करून सगळे शब्द नीट उमगणार नव्हते, आणि तसल्या दणक्याने उरलेलंही गेलं असतं. ती शिट्टी म्हणजे नाद नव्हता, कानाची तक्रार होती. मंजूने कागदावर लिहून दिलेलं हे सगळं पुनारामांनी दोनदा वाचलं.

"मले मंत्र आयकाचा नोयता," ते लेकीला म्हणाले. "तुहा फोन आयकाचा होता."

मंजूने त्यांच्या हातावर हात ठेवला. तिला त्यांची चूक काढावीशी वाटली नाही. ज्याला फार हवं असतं तो फार लवकर विश्वास ठेवतो, आणि ढोंगी माणूस नेमका तिथेच मंच घालतो. म्हणून ज्याला फार हवं आहे त्यानेच जास्त विचारायला पाहिजे. चेल्याचा हात कुठे आहे? मंत्राशिवाय होतं का? डॉक्टरकडे जाऊ नको असं हा का सांगतो? एवढं विचारल्याने कोणत्याही खऱ्या गोष्टीचं काही बिघडत नाही. बिघडतं ते फक्त खोट्याचं.

बाकावर शेजारी एक तरुण बाई येऊन बसली. पदराखाली वर्षाचं बाळ. तिने झोपलेल्या चमेलीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मावशी, हिले ऐकू नाई येत का? कोन्या महाराजाले दाखवलं का?"

"दाखवलं," शामकलाबाई म्हणाल्या. "त्याच्यापायी एक तारीख गमावली. तू नोको गमावू. जाय, पयले नंबर लाव."