उमाजीची काठी

लिंबाजीआबाच्या रानातलं सोयाबीन निघालं होतं आणि आम्ही चौघी बाया मागं सांडलेल्या शेंगा वेचत होतो. वेचणाऱ्या बाईला दोनच गोष्टी दिसतात, भुई आणि आपले पाय. म्हणून भिवरा धनगरणीची मेंढरं मला दिसायच्या आधी ऐकू आली.

"ए भिवरा, वरच्या तुकड्यात बसीव," आबा बांधावरून ओरडला. "चार राती बसू दे. तितली भुई लय हलकी हाय, खत पायजे तिला."

हलकी असणारच. तो वरचा तुकडा आदल्या उन्हाळ्यापर्यंत गावचं गायरान होता. नांगरून, पेरून, कापून झालं तरी ढेकळाढेकळातून कुसळी गवताची मुळं लोंबत होती. मेलेल्या म्हातारीच्या फणीत केस राहावेत तशी.

भिवराचा नवरा उमाजी होता, तोवर तिथं नांगर घालायची कुणाची छाती झाली नाही. गायरानाच्या तोंडाशी एक बाभळ होती आणि बाभळीखाली शेंदूर फासलेला हद्दीचा दगड. दिवस कलला की उमाजी त्या दगडापाशी उभा राहायचा, काठी आडवी धरायचा आणि सगळा कळप तिच्यावरून उडवायचा. जे मेंढरू नीट उडालं नाही त्याच्या खुरात काटा. त्याला बाजूला घ्यायचं, काटा काढायचा. बारा वर्षं रोज हेच. मग काविळीनं उमाजी गेला. पुढच्याच उन्हाळ्यात बाभळ गेली, दगड गेला आणि आबाचा बांध दोन एकर वर सरकला.

ग्रामसभेत भिवरा उभी राहिली होती. "बाभळीपस्तोर गायरान व्हतं. समद्यांला ठावं हाय."

आबा हसला. "बाभळ दाखव, वैनी. आत्ता सोडतो."

सगळे हसले. मीही हसले असेन. गर्दीत माणूस हसतो.

राहिलेल्या गायरानात मुरूम आणि दगडगोटे. मेंढरांच्या पाठीचे मणके वरून मोजता यायला लागले. सेलूचा व्यापारी दिवाळी झाली की कळप विकत घेऊन जाणार होता. तोवर पोतंभर जवारीवर भिवरा आबाच्या रानात मेंढरं बसवायला कबूल झाली होती.

"ज्यानं कुरण खाल्लं त्येच्याच भुईला लेंड्या घालायच्या, सुलाबाई," ती सकाळी मला म्हणाली होती. "पोटाला लाज नसती."

तर मेंढरं आली. पुढं भोरी, म्हातारी मेंढी, उमाजीच्या हाताखाली वाढलेली. कुंपणाची काट्याची फेस बाजूला ओढून आबानं वाट दिली. भोरी आत शिरली, मान खाली घालून बरंच आत चालत गेली. आणि मोकळ्या रानात मध्येच, काही नसताना, चारी पाय पोटाशी घेऊन तिनं उडी मारली.

तिच्यामागं दुसरी. मग तिसरी. त्याच जागी, तेवढीच उंच. सगळा कळप एकेक करून कशावरून तरी उडत होता आणि तिथं नुसती उन्हं पडली होती.

"काय नाचायलेत गं? पाय भाजायलेत का त्यांचे?" आबा म्हणाला.

त्या वर्षी जन्मलेली कोकरंही उडाली. त्यांनी तर उमाजीला कधी पाहिलं नव्हतं.

शेजारची चतुराबाई राम राम म्हणत भुईवरच बसली. भिवरा मात्र सरळ त्या जागेपाशी गेली आणि दोन पावलं अलीकडं थांबली. दारात माणूस उभं असलं की आपण थांबतो, तशी.

"त्ये हितंच उभे ऱ्हायचे," ती म्हणाली. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

मी ओटीतल्या शेंगा सांडत गावात पळाले. सरपंच विजयमाला भाकरी टाकून आली, मागं अर्धा गाव. तिनं मेंढरं बाहेर काढून पुन्हा आत सोडायला लावली. पुन्हा तेच. त्याच जागी.

"खणा," विजयमाला म्हणाली.

"मेंढरांच्या साक्षीवर निकाल देती का गं पोरी?"

"माणसं कुठं आली साक्षीला, आबा? मेंढरंच आलीत."

हातभर खणलं तर बाभळीचं तांबडं खोड लागलं. त्याला टेकून दगड. मातीत राहूनही शेंदूर तसाच. आबानं बाभळ तोडली, हद्द खाल्ली, पण देव उचलून फेकायचं धाडस त्याला झालं नव्हतं. म्हणून जागच्या जागी पुरला होता. दगड वर आला तसे आबाचे हात आपसूक जोडले गेले. तिथंच त्याची वकिली संपली.

"यंदाचा हरभरा तेवढा निघू द्या," तो पुटपुटला.

"बाभळ दिसली, आबा," विजयमाला म्हणाली. "तुमीच म्हन्ला व्हता, आत्ता सोडतो."

व्यापारी दिवाळीनंतर आला तो चहा पिऊन गेला.

यंदा त्या तुकड्यात पवन्या गवत उगवलंय, कुसळी उगवलीय. पेरलं कुणी नाही. लिंबाजीआबा अजून तिथून जातो, आणि त्या जागी आला की धोतर धरून पाय जरासा उचलतो. त्याला ते कळतही नाही. कुणी त्याला सांगत नाही.

आता दिवस कलला की दगडापाशी भिवरा उभी असते, उमाजीची काठी आडवी धरून. परवा मी म्हटलं, "जरा वर धर की काठी. तुझ्या काठीच्या वर हातभर उडायलीत ती."

"वर धरून बगितली. खाली धरून बगितली. तेवढंच उडत्यात." ती मेंढरांच्या पायांकडं बघत होती. "माज्या काठीवरून कुठं उडायलीत ती, सुलाबाई."

मग माझ्या लक्षात आलं. ती दगडाच्या अगदी कडेला उभी राहते, शेजारी एका माणसाची जागा सोडून. मी हातातली गवताची पेंडी ठेवायला त्या मोकळ्या जागीच वाकले होते. सरकून पलीकडं ठेवली.