दोन मुठी हळद

दारव्हा मागे पडलं आणि जुन्या पिकअपचा गरमीचा काटा लाल खुणेकडे सरकू लागला, तसा उकंडाचा जीव टांगणीला लागला. अकराला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत त्याच्या लेकीची, मैत्रेयीची, मेकॅनिकच्या नोकरीसाठी परीक्षा होती. "घरची गाडी असून यष्टीनं कायले जातं?" असं म्हणून सकाळी दिग्रसला त्यानंच तिला बस सोडायला लावली होती. हौस दांडगी, दुसरं काय!

बॉनेटमधून वाफ निघाली. गाडी कडेला घेऊन उकंडा फडक्यासकट रेडिएटरच्या झाकणावर झडप घालणार, तोच मैत्रेयीनं त्याचा हात धरला.

"बाबा, तोंड भाजून घ्यायचं हाय काय? अर्धा तास हात लावू नका."

अर्धा तास! उकंडानं गाडीभोवती फेऱ्या मारल्या, टायरला लाथ घातली, मोबाइलमध्ये दहादा वेळ पाहिली. बस एकही येईना. शेवटी झाकण उघडलं, तर आत पिवळा गाळ.

"हळद टाकली?"

"थेंब थेंब गळून राह्यलं होतं. काल दोन मुठी टाकली. आम्ही सारे ड्रायव्हर तेच करतो."

"गळती बुजली, अन् नळ्याही बुजल्या!"

नव्या ड्रेसच्या बाह्या सारून तिनं खालचा पाइप सोडला. उकंडा धापा टाकत शेतातल्या विहिरीवरून पाण्याचे कॅन आणत राहिला. पाचव्या कॅनला पाणी जरा निवळलं.

कंपनीच्या फाटकाशी पोचले तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"टाइम संपला," चौकीदार म्हणाला. मग त्याची नजर मैत्रेयीच्या हातांवर गेली. "पोरीचे हात पिवळे करून आणले, अन् आता नोकरी कायले पाह्यजे?"

आसपासची पोरं फिदीफिदी हसली. मैत्रेयीनं हात ओढणीत लपवले. उकंडाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रस्ता जाम होता, असं सांगायला त्याची जीभ वळवळली. आजवर प्रत्येक खोळंब्याचं खापर त्यानं असंच दुसऱ्यावर फोडलं होतं. तेवढ्यात गलका ऐकून परीक्षा घेणारे साहेब आतून फाटकाशी आले.

"साहेब," उकंडा म्हणाला, "तीस वर्सं झाले गाडी चालवून राह्यलो. रेडिएटरात हळद म्या टाकली. चूक माही हाय. इनं रस्त्यावर सारं धुतलं, म्हणून गाडी इथवर आली."

त्याला पोरीकडे बघवेना. लाजेनं कान तापले होते.

साहेबांनी मैत्रेयीला हात दाखवायला सांगितले. नखांत हळद, मनगटापर्यंत काळं ग्रीस. ती ओढणीला पुसू लागली.

"राहू दे," साहेब म्हणाले. "तशीच आत ये."