गरम इंजिन

दुसऱ्या थांब्यावर सगळ्यांनी गाड्या बंद केल्या, मास्तरांनी केली नाही. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर हलकेच ठेवून ते तसेच बसून राहिले. शेजारच्या लाल गाडीतलं जोडपं उतरलं आणि झाडाखालच्या टेबलांकडे गेलं. तिथे सूप आणि भाजलेले बटाटे होते. वास गाडीपर्यंत येत होता.

"बाबा, चला ना," मुलगी म्हणाली.

"तू खाऊन ये. मला इथेच आण काहीतरी."

मुलीची आईही असंच आणायची, बशीवर रुमाल झाकून. जुन्या गाड्यांच्या या शनिवार-रविवारच्या रॅलीत बारा वर्षं वाटेचा कागद मांडीवर घेऊन वळणं सांगायचं काम तिचं होतं. तिला जाऊन सात महिने झाले होते. यंदा तिच्या जागेवर मुलगी बसली होती आणि वळणं जरा उशिराच सांगत होती.

पहिल्या वर्षी मास्तरांनी जेवायच्या थांब्यावर गाडी बंद केली होती. तापलेलं इंजिन मग काही केल्या सुरू होईना. चाळीस गाड्या हात हलवत पुढे गेल्या आणि यांची ट्रॅक्टरच्या मागे दोरखंडानं बांधून आली. जन्मभर भूमिती शिकवलेला, घंटेच्या आधी वर्गात पोचणारा माणूस. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं. तेव्हापासून सकाळी सुरू केलेली गाडी संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावरच बंद व्हायची. सहा वर्षांपूर्वी बायकोनंच गाडी मिस्त्रीकडे नेली आणि पेट्रोलचा पंप बदलून घेतला.

"आता खुशाल बंद करा," मिस्त्री म्हणाला होता. "गरम असली तरी उठेल."

"बघू," मास्तर म्हणाले होते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मास्तरांनी ताक प्यायचंच सोडलं होतं.

तिसरा थांबा तळ्याकाठच्या एका खानावळीत होता. मास्तरांनी कुंपणाशी गाडी लावली, हँडब्रेक ओढला आणि पाय परत ॲक्सिलरेटरवर ठेवला. मुलीनं वाटेच्या कागदाची घडी घातली, हात लांब केला, चावी फिरवून काढली आणि सरळ पर्समध्ये टाकली.

एकदम सगळं शांत झालं. तळ्यावरची बदकं ऐकू यायला लागली.

"काय केलंस हे?"

"नाही सुरू झाली तर ढकलीन मी. चला जेवायला."

"तुला काही कळतं का? आता गार व्हायला दोन तास…"

"बाबा, मी एकटी जेवणार नाही."

ती उतरून चालायला लागली. गाडीत बसून करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून मास्तर उतरले. रागानं त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लागेना.

खानावळीच्या मालकीणबाईंनी कुंपणाशी लागलेली ओळखीची गाडी पाहिली, मुलीला पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं.

"काकू नाही आल्या?"

मुलीनं हळू आवाजात सांगितलं. बाईंनी ओले हात ॲप्रनला पुसले, बराच वेळ पुसत राहिल्या. मग त्यांनी दोघांना खिडकीतल्या लहान टेबलाशी नेलं.

"इथेच बसायच्या. कितीही गर्दी असू दे, समोरची खुर्ची कुणाला द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, आमचे मास्तर येतायत." त्यांनी दोन ताटं मांडली. "मीही दरवर्षी ताट मांडायचे. मग उठताना त्यातलंच बशीत काढून न्यायच्या."

मास्तर बसले. खिडकीतून कुंपण दिसत होतं, कुंपणाशी त्यांची गाडी, आणि ड्रायव्हरची सीट नेमकी समोर. तिथे बसलेल्या माणसाचा चेहरासुद्धा इथून दिसला असता. या काचेकडे त्यांनी कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. त्यांचं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे असायचं.

त्यांनी पावाचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

"जेवा बाबा. गार होईल."

ते जेवले. ताटात काही टाकलं नाही. केक आला तोही संपवला आणि बाईंना चांगला झालाय म्हणून सांगितलं. बाहेर गाड्या निघायला लागल्या तरी त्यांनी घाई केली नाही.

गाडीशी आल्यावर त्यांनी बोनेटवर तळहात टेकवला. चटका बसेल इतकं गरम होतं. आत बसून त्यांनी मुलीकडून चावी घेतली. आता ही उठू नये, असं त्यांना मनापासून वाटलं. ढकलावं लागो, ट्रॅक्टर येवो, सगळे हसोत.

त्यांनी चावी फिरवली. गाडी पहिल्याच दमात सुरू झाली.

मुलीनं कागद उघडला. "पुढे डावीकडे, मग चार किलोमीटर सरळ."

मास्तरांनी गाडी बंद केली. पुन्हा चावी फिरवली. सुरू झाली. पुन्हा बंद केली.

"बाबा."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

"थांब जरा," ते म्हणाले. "अजून एकदा बघू दे."

आणि त्यांनी चावी फिरवली.