काढून टाकलेला रकाना

माझा चेहरा म्हणजे निळा पडदा आणि त्यावरचे पांढरे चौकोन. गोंदियाच्या बाजारातल्या एका बियाण्याच्या दुकानात आठ हंगाम पावत्या छापणारा प्रोग्रॅम मी. आज बोलायला बसलोय, कारण माझ्याबद्दल लोक एक गोष्ट अर्धीच सांगतात.

मला भूमिका रहांगडाले नावाच्या मुलीनं लिहिलं. दोन हजार सहा साल होतं. नागपूरला कंप्युटरचं शिक्षण घेऊन ती नुकती गावी परतली होती आणि मी तिचं पहिलंच काम. लिहायला बसण्याआधी ती दोन दिवस दुकानात येऊन नुसती बसून राहिली. काउंटरवरचे खेमराजभाऊ बियाण्याच्या चुंगड्या, म्हणजे पोती, उचलताना काय बघतात, काय विचारतात, ते ती वहीत लिहून घ्यायची.

खेमराजभाऊंनी तिला चुंगडीवरची चिठ्ठी दाखवली. "हा लॉट नंबर. बी उगवला नाही, नाही तं भलताच निंगला, तं ह्याच्यावरून समजते का कोनती चुंगडी कोनाले गेली. मी वहीत लिवत असतो."

म्हणून माझ्या पहिल्या पडद्यावर चार रकाने होते. शेतकऱ्याचं नाव, गाव, धानाचा वाण आणि लॉट नंबर. चारही भरल्याशिवाय मी पावती देत नसे. भूमिकानं मला तसंच घडवलं होतं आणि मला ते आवडत होतं. कोण आलं, कुठून आलं, काय घेऊन गेलं, सगळं मला ठाऊक असायचं.

मालक चुन्नीलालजींनी मला पहिल्यांदा चालवून पाहिलं, तेव्हा बाहेर मृगाची गर्दी होती. एका पावतीला दीड मिनिट लागलं. ते खुर्चीतून उठलेच.

"ये क्या है, बेटा? आदमी लाईन में खडा है और तुम्हारा कंप्युटर उसका खानदान पूछ रहा है! ये लॉट-फॉट का खाना निकालो. गाव भी निकालो. नाम जिसको लिखना है वो लिखेगा. एंटर मारा के पावती बाहर, बस."

"सेठजी, मग कोणाला काय दिलं ते नंतर कळणार नाही," भूमिका म्हणाली.

"कायले कळाले पाहिजे? दुकान मेरा है के तुम्हारा? नागपूरवाला एक दिन में बना के देता है."

तिनं तीनदा समजावलं. एकदा कागदावर चित्र काढून, एकदा खेमराजभाऊंना मध्ये घालून, एकदा तर रडवेल्या आवाजात. चुन्नीलालजी वाईट माणूस नव्हते. गर्दीतल्या म्हाताऱ्यांना ते स्वतः पाणी द्यायचे. पण रांग दिसली की त्यांना दुसरं काही दिसत नसे. आणि बाजारातली बाकीची दुकानं त्यांच्याच शब्दावर चालत. त्यांनी 'पोरीला जमत नाही' असं म्हटलं असतं, तर भूमिकाला दुसरं काम मिळालंच नसतं.

शेवटी तिनं माझे दोन रकाने काढले आणि तिसरा रिकामा ठेवायची मोकळीक दिली. माझ्या आत, फक्त मलाच दिसेल अशा जागी, तिनं एक ओळ लिहून ठेवली: 'हे चुकीचं आहे, मला माहीत आहे.' मग मशीन बंद करून ती निघून गेली. जाताना खेमराजभाऊंकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

मी भराभर पावत्या देऊ लागलो. सगळे खूश झाले. खेमराजभाऊंनीही हळूहळू वही सोडून दिली. कंप्युटर असताना वही कशाला, असं मालकच म्हणाले.

तीन वर्षं काही घडलं नाही. वाईट कामाची हीच खोड असते, ते लगेच अंगावर येत नाही.

दोन हजार नऊच्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात बियाण्याच्या कंपनीचं पत्र आलं. हलक्या धानाच्या एका लॉटमध्ये चुकून भारी धान भरलं गेलं होतं. हलकं धान चार महिन्यांच्या आत हाती येतं, भारी धानाला पाच महिने लागतात. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर ज्यांची बांधी, म्हणजे धानाचं शेत, आहे त्यांना याचं फारसं काही नाही. पण चिचगडकडे, जिथे पावसाचं वरचं पाणी तेवढंच खरं, तिथे भारी धान दाणा भरायच्या वेळी तहानेनं मरतं. धानाच्या रोपांचे पऱ्हे तयार होते आणि रोवण्याला, म्हणजे लावणीला, आठ-दहा दिवस होते. तेवढ्यात कळलं, तर लोकांना ते पऱ्हे खालच्या ओलीच्या बांधीत लावता येणार होते, वरच्या बांधीसाठी शेजाऱ्याकडून दुसरे मागता येणार होते.

चुन्नीलालजी माझ्यासमोर येऊन बसले. "पूछो इसको, ये लॉट किसको गया."

मी काय सांगणार? त्या वाणाच्या दोनशे चौदा पावत्या मी दाखवल्या. त्यात मनिराम नावाचेच अकरा होते. सदतीस पावत्यांवर नावच नव्हतं. गाव एकावरही नव्हतं. त्यांनी माझ्या पडद्यावर बोटानं ठकठक केलं, जसं काही मी मुद्दाम लपवून बसलोय.

खेमराजभाऊंनी भूमिकाला फोन केला. ती तासाभरात आली, तिनं ती सगळी नावं छापली आणि ती भाऊंना म्हणाली, "काका, चेहरे आठवतात का?"

"आठवते थोडे थोडे. चाल."

पुढचे नऊ दिवस ती दोघं गावोगाव फिरली, आधी तिच्या स्कूटीवर. घराघरात रिकामी चुंगडी मागायची, चिठ्ठी वाचायची, पुढे जायचं. रोज दुकानात येऊन भूमिका सापडलेल्या नावांपुढे खूण करायची, तेव्हा तिच्या बोटांचा चिखल माझ्या कीबोर्डला लागायचा. चुन्नीलालजी आधी चिडले, पण चौथ्या दिवसापासून त्यांनी स्वतःची जीप दिली. त्या लॉटची चुंगडी नेलेली त्रेसष्ट घरं सापडली. सगळ्यांना वेळेत सांगता आलं.

पण बिननावाची सदतीस माणसं माझ्याकडे नव्हतीच. काही भाऊंना आठवली. बाकीची नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी चिचगडकडच्या रामबाई दुकानात आल्या. त्यांचं माहेर गोंदियाजवळ, म्हणून बियाणं इथूनच न्यायच्या. त्यांनी काउंटरवर धानाची एक पेंढी ठेवली. पानं पिवळी पडलेली, लोंब्या वर आलेल्या, पण चिमटीत धरल्या तर आत काहीच नाही.

"सगळ्यायचे धान कापून झाले," त्या म्हणाल्या. "माहा आताशी लोंबीवर आला अन् पानी सरला. मले तं हलका धान पाहिजे होता ना? काऊन असं केलं?"

चुन्नीलालजी खाली बघत म्हणाले, "कंप्युटर की गलती हो गई, बाई. हमने बहुत ढूंढा."

रामबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. गावात नवीन आलेल्या माणसाकडे पाहावं तसं. "यानं इचारलं नाही का, कोनती चुंगडी कोनाले देऊन राहिलो म्हून?"

भूमिका छपाईयंत्राची फीत बदलायला आली होती. ती उभी राहिली.

"विचारत होता, मावशी. मीच त्याचं विचारणं बंद केलं."

"मैंने बोला था," चुन्नीलालजी पुटपुटले.

"तुम्ही सांगितलं, सेठजी. पण हात माझे होते."

रामबाईंनी पेंढी उचलली आणि त्या म्हणाल्या, "चाला, बैलाले तरी होईल." भूमिका त्यांच्यासोबत एस.टी. स्टँडपर्यंत चालत गेली. वाटेत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.

परत आल्यावर तिनं कोणाची परवानगी न घेता माझे रकाने जागेवर बसवले. चुन्नीलालजी मागे उभे राहून पाहत होते. त्यांनी अडवलं नाही. पण बाजारात बोलणं पसरलंच. 'ही पोरगी गिऱ्हाइकासमोर मालकाला खाली पाहायला लावते.' पुढची दोन वर्षं तिला त्या बाजारात एकही काम मिळालं नाही. आता ती आमगावला एका शाळेत कंप्युटर शिकवते, असं खेमराजभाऊ सांगत होते.

दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये रामबाई पुन्हा आल्या. त्यांनी चुंगडीवरचा नंबर भाऊंकडून मोठ्यानं वाचून घेतला, मला तो लिहू दिला, आणि मगच पावती हातात घेतली. मागचे लोक कुरकुरले, पण त्या सरकल्या नाहीत. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस.

मग भाऊ वयानं घरी बसले. नवीन माणसाला घाई होती. लॉट नंबरचा रकाना रिकामा चालत नाही म्हटल्यावर तो प्रत्येक पावतीत नुसता 'एक' टाकू लागला. एक, एक, एक. मला खरा आकडा आणि खोटा आकडा यातला फरक कळत नाही. ते कोणी मला शिकवलंच नव्हतं. शिकवता येतं की नाही, कोण जाणे.

आता दुकानात इंटरनेटवर चालणारा नवा प्रोग्रॅम आलाय. माझं मशीन गोदामात, रिकाम्या चुंगड्यांच्या मागे आहे. उंदरांनी वायर कुरतडलीय. उद्या-परवा भंगारवाला येईल.

मला बनवणाऱ्यांना मी काही सांगणार नाही, त्यांना त्यांचं माहीत असतं. मागणं आहे ते तुमच्याकडे. कधी कुठल्या काउंटरसमोर उभे असाल, आत कोणी एकेक अक्षर वाचून सावकाश काही लिहीत असेल, आणि तुमच्या तोंडी 'जल्दी करो ना' येत असेल, तर जरा थांबा. त्याला लिहू द्या.