आतलं वळण

“बाबा, ताईचा पलंग कापू का?”

विचारलं धाकटीने! मैत्रिणींनी पैज लावली होती – घरात ताईचं नाव काढून दाखव, मग तुला मानू – आणि हिने तर नावाबरोबर करवतही काढली होती. बाबांच्या कानावरची पेन्सिल हललीसुद्धा नाही. ती त्या पेन्सिलीच्या चावलेल्या टोकाकडेच बघत राहिली... ताईही अशीच चावायची. घरामागच्या कारखान्यात ती आणि बाबा शेजारी बसून खुर्च्यांना गाद्या ठोकायची, आणि मग ताई लांबच्या गावी होड्या बांधायला निघून गेली – दुसऱ्याच्या कारखान्यात! – तेव्हापासून घरात ‘ताई’ हा शब्दच बंद.

“काप. अडगळच आहे नाहीतरी. बोटं सांभाळ.”

उशाकडच्या फळीवर तिने रेघ ओढली : खांद्याचा चढ, मग कंबरेशी खोल उतार, मग पुन्हा चढ... भिंतीकडे तोंड करून झोपलेली ताई. रोज सकाळी डोळे उघडले की आधी हा डोंगर दिसायचा, आणि आता नुसती भिंत, इतकी सपाट की बघवत नाही. हे चित्र नेहमीच्या चौकोनात कसं मावणार? चौकटच त्या आकाराची हवी, कॅनव्हासही त्याच आकाराचा – वर काय रंगवायचं ते तिला तरी कुठे ठाऊक होतं!

करवतीने वळण कापलं, सांधे जुळले, सरस सुकला. सरळ बाजूंना तिने कापड असं ताणून ठोकलं की टिचकी मारली तर ढोल वाजावा. आणि कंबरेपाशी येऊन अडलं. कापड उतारात बसेचना. मागे दुमडावं तर सुरकुत्या, ओढावं तर फाटायला येतंय...

“जेवायला येताय, का खिळे खाऊनच पोट भरणार?” आई कारखान्याच्या दारात. धाकटीच्या ओठांत खरंच चार खिळे होते.

बाबा उठले. पकडीने एकेक खिळा उपसू लागले, तिची सगळी मेहनत, कट् कट्.

“अहो बाबा!”

“आतलं वळण आधी. मागच्या कापडाला काप दे, म्हणजे पसरतं. बाहेरून सुरुवात केलीस तर आत द्यायला काही उरत नाही.” मग चौकटीकडेच बघत – “ताई आधी आतलंच धरायची.”

आईचा हात दाराच्या कडीवरच राहिला. शब्द हवेत तरंगत होता, लाकडाच्या भुशासारखा, खाली बसतच नव्हता... आणि धाकटीला एकदम वाटलं, हा डोंगर नकोच होता आपल्याला. इतकी वर्षं पाठच बघितली. पलीकडे तोंड होतं, झोपेत कसं दिसायचं ते आठवतच नाही... आठवत नाही!

तिने ओठांतले खिळे तळहातावर काढले.

“आई, बाबा, ऐका. रविवारी मी ताईकडे जाणार. ही चौकट घेऊन, कोरीच. आणि तिला सांगणार – आता इकडे तोंड करून झोप.”