तो काही करत नाही

बागेची राखण करता करता तिची एकोणीस वर्षं गेली होती. मुलं तिला शिट्टीमावशी म्हणत. गुडघे कुरकुरायला लागले होते, शिट्टी फुंकायला पूर्वीसारखा दम उरला नव्हता, आणि निवृत्तीला अजून दीड वर्ष होतं.

गेल्या चार महिन्यांपासून तिच्या डोक्याला एक नवा ताप होता. पूर्वी नकाशे काढणारे एक म्हातारे गृहस्थ रोज संध्याकाळी, नेमके मुलांच्या खेळण्याच्या वेळी, भलामोठा काळा कुत्रा घेऊन यायचे. कुत्रा माणसाला ओढत आणायचा म्हटलं तरी चालेल. मुलं किंचाळत पळाली की त्याचे कान ताठ व्हायचे आणि घशातून घरघर सुरू व्हायची.

"काका, त्याच्या तोंडाला मुसकं बांधा. नाहीतर सकाळी लवकर या, तेव्हा मुलं नसतात," ती सांगायची.

"अहो बाई, तो काही करत नाही."

"काही न करणारा एक माझ्या घरीही आहे. पण तो निदान खुर्चीत बसून राहतो."

म्हातारे हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच यायचे. घसरगुंडीभोवती कुंपण आणि फाटक करून द्या, म्हणून तिने पालिकेच्या कार्यालयात दोन अर्ज दिले होते. तिथला कारकून दर वेळी म्हणायचा, "बघू."

त्या बुधवारी ती मातीने भरलेली हातगाडी ढकलत वाफ्यांकडे चालली होती. मागून "अरे थांब!" असा आवाज आला. वळून बघते तर म्हातारे जमिनीवर आडवे, साखळी मोकळी आणि कुत्रा घसरगुंडीच्या दिशेने सुटलेला. खाली पाच वर्षांची एक मुलगी हातात बिस्कीट धरून उभी होती. तिची आई बाकावर बसून फोनवर बोलत होती.

मुलगी पळायला वळली.

"पळू नकोस, बाळा," मावशी म्हणाली. आवाज चढवला नाही. कसा चढवला नाही ते तिचं तिलाच कळलं नाही. "जागेवर उभी राहा. बिस्कीट टाक. त्याच्याकडे नको, माझ्याकडे बघ."

मुलीने बिस्कीट टाकलं. कुत्रा क्षणभर अडखळला. तेवढ्यात मावशीने हातगाडी दामटून मध्ये आडवी घातली आणि मुलीला पाठीशी घेतलं. गाडीवरून झेपावलेल्या कुत्र्याने तिचं मनगट धरलं. तिने हात हिसडला नाही. हिसडलं की जास्त फाटतं, हे तिला ठाऊक होतं. लंगडत आलेल्या म्हाताऱ्यांनी दोन्ही हातांनी पट्टा आवळला, तेव्हा कुठे जबडा सुटला.

मुलीला ओरखडाही नव्हता. आई धावत आली, लेकीला उचललं आणि मावशीवरच कडाडली, "तुम्हाला इथे कशाला ठेवलंय मग?"

मावशी नळाकडे वळली. मनगटावर पाणी सोडून बराच वेळ जखम धूत राहिली.

दवाखान्यात इंजेक्शन झालं, जखम धुऊन पट्टी झाली. बाहेर आली तर बाकड्यावर म्हातारे बसलेले. कुत्र्याला घरी कोंडून आले होते. साखळीने तळहात सोलवटला होता, तो त्यांनी रुमालात गुंडाळला होता.

"मुलाचा आहे तो," ते खाली बघत म्हणाले. "मुलगा नोकरीसाठी लांब गेला. घरात तेवढीच एक जाग असते हो."

तिला रागवायचं होतं. चार महिन्यांचे शब्द तोंडाशी साठले होते. पण रागवायलाही अंगात जोर लागतो.

"काका, जाग हवीच. पण तुमचे हात थरथरतात. कुत्रा वाईट नाही, तुम्हाला आवरत नाही, एवढंच. आज माझं मनगट होतं. त्या पोरीचं तोंड त्याच उंचीवर होतं."

म्हाताऱ्यांनी मान हलवली. तिथूनच मुलाला फोन लावला आणि म्हणाले, "ये आणि घेऊन जा. नाही, पैसे नकोत. तू ये."

रविवारी मुलगा येऊन कुत्र्याला घेऊन गेला. सोमवारी कार्यालयाची माणसं फाटक बसवायला आली. कारकून म्हणाला, "बघा, झालं ना काम?" तिने त्याला आपलं मनगटसुद्धा दाखवलं नाही.

आठवडाभराने म्हातारे एकटेच आले आणि बागेच्या दाराबाहेर घुटमळत राहिले.

"आत या की," ती म्हणाली.

त्यांना बघून एक-दोन आयांनी मुलांना जवळ ओढलं. म्हाताऱ्यांनी ते पाहिलं. कुठे बसावं ते त्यांना सुचेना. मग झाडाला टेकवलेलं दाताळं त्यांनी उचललं आणि पायवाटेवरचा पाचोळा ओढायला लागले.

पाचोळा वाऱ्याच्या दिशेने ओढायचा असतो. ते उलटे ओढत होते. अर्धा ढीग पुन्हा पसरत होता. सांगायला म्हणून ती उठली, पण गुडघ्यात कळ आली तशी परत बसली. ओढू देत. आज कोणीतरी दुसरं ओढतंय, एवढंच तिला पुरे होतं.