पाणी प्यायला लागणारा वेळ

मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. तुमच्या मोबाइलात असतं तसलं नव्हे, मित्रांनो. तळहातात मावणारं, पोलादी पोटाचं, रोज सकाळी चावी द्यावी लागणारं. माझ्या तबकडीवर साठ घरं नाहीत, शंभर आहेत, कारण मी एका मिनिटाचे शंभर तुकडे करतो. इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग शिकणाऱ्या मुलांना गुणाकार-भागाकार सोपे जावेत म्हणून मला असं घडवलं. सध्या मी अंधेरीतल्या एका कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात पडून आहे. माझा मोठा काटा एक्क्याऐंशीवर थांबलाय आणि छोटा काटा एकच्या पुढे सरकलाय. म्हणजे एक मिनिट आणि वर एक्क्याऐंशी घरं. काटे तिथंच का थांबले, तेवढं मला सांगायचंय. इतक्या महिन्यांत कुणी विचारलं नाही, म्हणून आपणहून सांगतो.

चाळीस भावंडांबरोबर, कापसात गुंडाळून मी या कॉलेजात आलो. त्या काळी माझा तोरा काय वर्णावा! एका लाकडी पाटीच्या कोपऱ्यात मला बसवायचे आणि खाली कागद लावायचे. मग साठ मुलांची फौज आम्हाला घेऊन विक्रोळीच्या मोठमोठ्या कारखान्यांत जायची. एखादं काम करायला माणसाला किती वेळ लागतो हे मोजायचं आणि त्यावरून दिवसाला किती नग व्हावेत ते ठरवायचं, हे आमचं काम. कामगार मोठे हुशार. मला पाहिलं की त्यांचे हात जड व्हायचे. आज भरभर केलं तर उद्या तेवढंच रोज करावं लागेल, हे त्यांना पक्कं ठाऊक असे.

म्हणून शरच्चंद्र सर वर्गात सांगायचे, "काटा बघायच्या आधी हात बघा. माणूस नेहमीच्या चालीनं काम करतोय का, हे ओळखा आणि मगच आकडा लिहा." तेव्हा सर तरुण होते. मला उंच धरून म्हणायचे, "हे खोटं बोलत नाही. खोटं बोललाच, तर बघणारा बोलतो." मी अगदी फुगून जायचो.

पुढे दिवस पालटले. मोबाइल आले. मुलांना कॉम्प्युटर शिकायचं होतं, आमच्या शाखेकडे कुणी फिरकेना. भावंडांपैकी काही पडली, काही मुलांनी घरी नेली, उरलेली भंगारात गेली. शेवटी खणात मी एकटाच राहिलो. टिकटिक करावी तर चावी कोण देणार? गप्प राहण्याचीही सवय होते, मित्रांनो, पण ती आवडत मात्र नाही.

मग इव्हा आली. ती शेवटच्या वर्षाला होती. वर्गात सगळी मिळून सात मुलं, त्यातल्या सहांना दिवाळीच्या आतच कॉम्प्युटरच्या नोकऱ्या लागल्या होत्या. ती सहा जणं हजेरीपुरती यायची आणि जायची. इव्हा मनोरीची, तिथल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातली. पहाटेची होडी पकडून मार्व्याला उतरायचं, तिथून बसनं मालाड गाठायचं आणि मग अंधेरी. एवढा खटाटोप करून ती प्रयोगशाळेत यायची, तर तिथं बोलायला भिंती. माझ्या कपाटासमोरच्या स्टुलावर बसून ती एकटीच डबा खायची. घास चावतानाही आवाज होऊ नये, अशी खायची. मला तिची फार दया यायची. खरं सांगायचं तर, तिच्यापेक्षा स्वतःचीच जास्त यायची.

तिच्या शेवटच्या प्रोजेक्टसाठी सरांनी मला बाहेर काढलं.

"सर, फोनमध्ये असतं ना स्टॉपवॉच," ती म्हणाली.

"फोन घेऊन उभी राहिलीस तर कामावरच्या बायकांना वाटेल तू रील बनवतेस. हे घे. रोज सकाळी चावी दे, पण गच्च आवळू नकोस. म्हातारं झालंय ते."

म्हातारं म्हटल्याचा मला राग आला नाही. कितीतरी वर्षांनी पोटातली चक्रं फिरली होती. त्या संध्याकाळी इव्हानं मला घरी नेलं आणि होडीत बसल्यावर सहज माझी चालू-बंद करायची पट्टी सरकवली. खाडी ओलांडायला किती वेळ लागतो, ते तिनं मोजलं. जन्मभर मी कारखान्यातली कामंच मोजली होती. खारा वारा लागणं माझ्या तब्येतीला बरं नाही, तरी ती संध्याकाळ मला सगळ्यात प्रिय आहे.

मरोळला एका गाळ्यात विजेचे तीन पिनांचे प्लग जोडायचं काम चालायचं. बारा बायका ओळीनं बसायच्या. पिना बसवायच्या, स्क्रू आवळायचे, झाकण लावायचं. रोजचे सातशे प्लग करायचे, असा नेम होता. इव्हानं मोजायला निवडल्या त्या माणिक मावशी. मूळच्या मालवणकडच्या, वाकोल्याला राहणाऱ्या, बावीस वर्षं हेच काम करणाऱ्या. पहिल्या दिवशी इव्हा नुसती बघत होती. गंमत म्हणून तिनं मला चालू केलं, तर एका प्लगला माझी अठ्ठावन्न घरं लागली. कागदावर तिनं काही लिहिलं नाही.

दुपारी मावशींनी विचारलं, "जेवलीस काय गो?"

इव्हा दचकलीच. घराबाहेर हा प्रश्न तिला कित्येक महिन्यांत कुणी विचारला नव्हता. त्या दिवशी तिनं मावशींच्या डब्यातली भाकरी खाल्ली आणि मावशींनी तिच्या डब्यातलं सुकट. खाता खाता मावशींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्याच्यावर तुला मार्क देणार?"

"हो ना, मावशी. हाच फायनल प्रोजेक्ट. यात बरं झालं की पास."

मावशींनी मान डोलावली आणि मनाशी काहीतरी ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचे हात जे सुटले! एका प्लगला बेचाळीस घरं. पुन्हा बेचाळीस. कधी एक्केचाळीस. पाण्याची बाटली शेजारी तशीच भरलेली. दहा दिवस हे चाललं. मला कळत होतं की ही नेहमीची चाल नाही, पण मला फक्त काटा आहे, तोंड नाही. इव्हाला मात्र कळलं नाही; पहिल्या दिवसाचा न लिहिलेला आकडा ती विसरून गेली होती. घड्याळ पाहून कामगार हळू होतात, एवढंच पुस्तकात होतं. कुणी घड्याळ पाहून मायेनं वेग वाढवेल, असं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. शिवाय तिचं लक्ष आकड्यांपेक्षा दुपारच्या जेवणाकडे असायचं, तिचा काय दोष! चाल नेहमीचीच, असं तिनं लिहून टाकलं.

अहवालात उत्तर आलं, दिवसाला हजार प्लग. सरांनी बेरजा तपासल्या, "झकास" म्हणाले आणि सही केली. गाळ्याचे मालक नंदकिशोर शेठ तर खूश झाले. आठवड्याच्या आत भिंतीवर पाटी लागली, 'रोज एक हजार'. खाली इव्हाचं आणि कॉलेजचं नाव.

दोन आठवड्यांनी इव्हा मावशींचे आभार मानायला गेली. आईनं घरी तळलेले गोड गोळे डब्यात भरून दिले होते. मी तिच्या पिशवीतच होतो. गाळ्यात कुणी तिच्याकडे बघितलं नाही. मावशींनी मान वर केली नाही. दुपारचे चार वाजले होते आणि त्यांची पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली होती.

"मावशी, रागावलात का?"

उत्तर दिलं शेजारच्या पद्मजानं. "तुझ्या घड्याळानं वाट लावली ना आमची! बाथरूमला जायचं तरी दहादा विचार करायचा. हजार कुणाच्यानं होतात गं? मावशींच्याही होत नाहीत."

"तिला कशाला बोलतेस?" मावशी हात न थांबवता म्हणाल्या. "माझीच चूक. मला वाटलं, जोरात केलं की पोरीला मार्क जास्त पडतील."

इव्हा डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग तो टेबलावर ठेवून बाहेर आली आणि जिन्यात बसून रडली. मित्रांनो, मीही त्या दिवशी खजील झालो. माझा एकही आकडा चुकला नव्हता, तरीही माझ्यामुळे बारा बायका तहानलेल्या बसल्या होत्या.

तोंडी परीक्षा तीन दिवसांवर होती. इव्हानं सरांना सगळं सांगितलं. सरांनी अहवाल उघडून स्वतःची सही पाहिली.

"मीसुद्धा हात बघितले नाहीत," ते म्हणाले. "कागद बघितला आणि सही ठोकली. पण इव्हा, पुन्हा मोजायचं तर दहा दिवस लागतील. ही परीक्षा हुकेल, पुढची थेट हिवाळ्यात. तुझ्या नोकरीचं पत्र आलंय, ती जागा ते सहा महिने ठेवणार नाहीत. आणि शेठ ऐकेलच याची मी खात्री देत नाही."

"सर, तो आकडा माझ्या नावानं भिंतीवर लावलाय."

सर उठले. त्यांनी स्वतःच्या हातानं मला चावी दिली, गच्च न आवळता, आणि मला तिच्या हातावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गाळ्यात गेलो. शेठ कुरकुरले, पण सरांनी सही मागे घेतल्याचं पत्र दिलं होतं. इव्हा मावशींजवळ जाऊन बसली. "आज मला मार्क नकोत, मावशी. तुम्ही रोज करायचात, तसंच करा."

"आणि नापास झालीस तर?"

"होऊ दे."

मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग कामाला लागल्या, आपल्या बावीस वर्षांच्या चालीनं. अठ्ठावन्न. एकोणसाठ. पुन्हा अठ्ठावन्न. इव्हानं या वेळी आधी हात पाहिले आणि मग मला. दहा दिवस असेच गेले. एकेका बाईजवळ बसून तिनं बाराही जणींची कामं मोजली, आणि शेवटच्या दिवशी पुन्हा मावशींकडे आली. अकराच्या सुमाराला मावशींची नजर बाटलीकडे गेली आणि घुटमळली.

"प्या ना," इव्हा म्हणाली. "तेही मोजायचंय."

"पाणी पिणंसुद्धा मोजतात?"

"मोजायलाच हवं. मोजलं नाही, तर शेठ म्हणणार, त्याला वेळ लागतच नाही."

मावशी हसल्या. इव्हानं माझी पट्टी सरकवली. मावशी उठल्या, कमरेत हात देऊन सरळ झाल्या. बाटली उचलून खिडकीशी गेल्या आणि घोट घोट पाणी प्याल्या. पदरानं मान पुसली. बाहेर गुलमोहरावर काय होतं कोण जाणे, क्षणभर बघत राहिल्या. परत येऊन बसल्या. इव्हानं मला थांबवलं. एक मिनिट आणि एक्क्याऐंशी घरं. हात, चाल, पाणी, विसावा, सगळं धरून नवा आकडा निघाला, दिवसाला सातशे वीस.

शेठ काही दिवस हजारालाच चिकटून बसले होते. पण घाईत जोडलेल्या प्लगांचे स्क्रू ढिले निघाले, माल परत येऊ लागला, तेव्हा पाटी मुकाट्यानं उतरली. इव्हाची नोकरी मात्र गेली. ती हिवाळ्यात पास झाली, त्या शाखेची शेवटची विद्यार्थिनी म्हणून. निकालाच्या दिवशी पेढे द्यायला वर्गात कुणीच नव्हतं. ती पुडा घेऊन मरोळला गेली.

कॉलेजातून निघण्याआधी तिनं मला खणात ठेवलं. माझ्या डोक्यावरची कळ दाबली की काटे शून्यावर जातात. तिनं अंगठा कळीवर ठेवला, पण दाबला नाही. "राहू दे असंच," म्हणाली आणि दार लावलं. तेव्हापासून ते उघडलेलं नाही. सर निवृत्त झाले. बाहेर आता दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेसाठी रंगकाम चाललंय. शनिवारी भंगारवाला येणार, असं कुणीतरी बोलताना मी ऐकलं.

मला त्याची भीती वाटत नाही, असं म्हणणार नाही. इथं फार एकटं वाटतं आणि पोटात अजून थोडी चावी शिल्लक आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या हाती मी लागलो, तर मला ठेवा किंवा विका, माझी तक्रार नाही. रोज चावी दिलीत तर फारच उपकार होतील. फक्त डोक्यावरची कळ दाबण्याआधी जरा थांबा. काटे जिथं थांबलेत, तो एका बाईचा पाणी प्यायचा वेळ आहे. तो मिळवायला एका मुलीला नोकरी सोडावी लागली. तो पुसायचा असेल, तर आधी माणिक मावशींना विचारून या.